कपावर झाकलेली बशी

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसातल्या युनिक्स सर्व्हरला रोजचा बॅकअप टेपवर उतरवणारा टेप ड्राइव्ह दिसेनासा झाला, तेव्हा नांदगावकडचा एक साठीचा इंजिनीअर आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बिघडलेलं कॉन्फिगरेशन त्यानं आधी वहीत उतरवून घेतलं, मग पुसून नव्यानं लिहिलं. ड्राइव्ह सुरू झाला. मी चहा पुढे केला, तर त्यानं कपावर बशी झाकली.

"आधी जुनी टेप लावा. वाचून बघू."

"रोज बॅकअप होतो. रजिस्टरवर मी स्वतः सही करतो," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"लिहिता रोज, ते ठीक हाय. परत वाचलं कधी?"

अकरा वर्षांत एकदाही नाही. टेप घरघरत राहिली. पहिली फाइल उघडली, तेव्हा त्यानं गार चहा एका घोटात संपवला. संध्याकाळी रजिस्टरवर सही करताना माझा हात पहिल्यांदाच थांबला; आजची टेप अजून वाचून बघितली नव्हती.