उलट्या गाठींचं जाळं

त्या जाळ्याची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीकडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. काही देशांच्या राष्ट्रीय संघांची मैत्रीपूर्ण फुटबॉल स्पर्धा मुंबईत भरली होती. त्यातला एक सामना आमच्या हद्दीत होता. आदल्या सकाळी एका गोलपोस्टचं जाळं गायब झालं.

संयोजन समितीचे चिटणीस तणतणत ठाण्यात आले. "दोन्ही जाळी मढच्या म्हाताऱ्या कोळ्यानं विणली होती. परवा दुरुस्तीला आला होता, त्यानंच लांबवलं!" वरून फोन आला, परदेशी पाहुणे आहेत, आरोपी आजच पाहिजे. झालं! भर कोळीवाड्यातून, सगळ्यांच्या देखत आम्ही त्याला जीपमध्ये घातलं. थेट कोठडी. मग दरडावणं सुरू. तो एकच सांगत होता, "माजंच जालं मी कशाला चोरू रं साहेब?"

दुपारी हवालदाराला एका टेम्पोवाल्यानं खबर दिली. चिटणिसांच्या लेकीचं सामान त्यानं मुलुंडला तिच्या सासरी पोचवलं होतं आणि सामानावर जाळं आवळलं होतं. ते तिथल्या गॅलरीत सापडलं.

"अशी जाळी बाजारात ढिगानं मिळतात," चिटणीस म्हणाले. मी ते म्हाताऱ्यापुढे टाकलं. त्यानं बोटं फिरवली. "ह्यो अर्धा माजा, त्यो माज्या बायकोचा. ती डावरी हाय, तिच्या गाठी उलट्या." मैदानावरचं दुसरं जाळं आणवलं. त्यातही अर्ध्या गाठी उलट्या! चिटणिसांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सामान बांधायला नेलं होतं हो, परत आणायचं राहिलं. आता मिळालं ना? मिटवा."

मिटवा! स्वतःची लाज झाकायला गरिबाला चोर ठरवायचं आणि वर म्हणायचं मिटवा! वरिष्ठांचंही तेच. मी मात्र स्टेशन डायरीत सगळं नावानिशी लिहिलं.

म्हातारा कोठडीतून हलेना. "सगल्यांच्या म्होरं नेलास, सगल्यांच्या म्होरं सोड."

बरोबरच होतं त्याचं. संध्याकाळी त्याच जीपमधून त्याला घरी नेलं, शेजारी चिटणीस. त्यांनी पुटपुटत माफी मागितली. म्हाताऱ्याच्या बायकोनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"नेन्याआधी माज्या मानसाला येकदा तरी इचारलास का रं?"

नव्हतं विचारलं. चिटणिसांच्या कडक इस्त्रीला मी पुरावा मानलं होतं. पुढच्या सगळ्या नोकरीत आधी विचारलं, मगच कुणाला हात लावला. चिटणिसांवरचा राग अजून जात नाही. पण त्यांनी नुसतं बोट दाखवलं होतं. दंडाला धरून नेलं ते मी.