न भाजलेली पट्टी

माझी पीएचडी राबावर आहे, हे गावी, वारूळवाडीत सांगायची मला चोरी होती. आमच्याकडे टोमॅटो आणि द्राक्षं. राब हे डोंगराकडचं काम. चुलते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी पालापाचोळाच जाळायचा व्हय?" वडील पाहुण्यांना, पोरगी 'मातीतलं काहीतरी' करते, असं सांगत राहिले.

राब समजायला सोपा आहे. भाताचं रोप जिथे वाढवायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या फांद्या, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि भाजायचं. अशा जमिनीत रोप जोमदार येतं, तण कमी राहतं. पण त्यापायी दरवर्षी झाडं छाटावी लागतात. न भाजता, नुसतं कुजलेलं शेणखत घालून तेवढंच रोप येईल का, हा माझा प्रश्न. येईल, अशी माझी खात्री होती. संशोधकाने आधीच खात्री बाळगू नये म्हणतात, पण तिसऱ्या वर्षाला लागलेल्या कुणालाही विचारून पाहा. पहिलं वर्ष वाचनात गेलं होतं, दुसऱ्या वर्षीचं रोप रानडुकरांनी उकरलं होतं. हा हंगाम हुकला की प्रबंध आणखी वर्षभर लांबणार होता.

डिंभ्याच्या वर, धरणाच्या कडेकडेने रस्ता जातो तिथल्या एका वाडीत एका मावशींनी मला जागा दिली. मी बारा पट्ट्या आखल्या. सहा भाजायच्या, सहा तशाच ठेवायच्या. कुठली कशी, ते कळावं म्हणून लाल आणि पांढरी निशाणं रोवली. त्याआधी शाळेच्या खोलीत सगळ्यांना जमवून लॅपटॉपवर चित्रं दाखवली. आलेख होते, बाण होते, 'नियंत्रित पट्टी' असा शब्द होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी खूश होऊन खाली उतरले. माना डोलावणं हा पाहुण्याचा मान असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मेमध्ये भाजणीच्या दिवसांत वर जाणारी बस दोन दिवस आलीच नाही आणि मला पोचायला तेवढाच उशीर झाला. जाऊन बघते तर बाराच्या बारा पट्ट्या काळ्याठिक्कर. निशाणं मात्र उपटून, नीट जुडी बांधून बांधावर ठेवलेली.

मावशी हसत पुढे आल्या. "तुझ्या सहाच पट्ट्या रचलेल्या व्हत्या, निम्मं राहिलं व्हतं ना? तेबी रचून समदं भाजलं. पडकई केली. आठ जणींनी एका दुपारात उरकलं बघ."

पडकई म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकीच्या शेतात राबायचं, उद्या दुसरीच्या. मला ती ठाऊक होती, प्रबंधात तिच्यावर दोन पानंही लिहिली होती. तरी मी मावशींवर ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं वर्ष वाया घालवलंत." त्या वळल्या. आत गेल्या, चहा घेऊन आल्या. मी तो घेतला नाही. त्या चहाची लाज मला अजून वाटते.

गाईड मॅडमना फोन लावायला खिंडीपर्यंत चढून जावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "न भाजलेली पट्टी कशाला हवी, हे तू त्यांना सांगितलं होतंस?"

"दाखवलं होतं, मॅडम. दोन तास."

"दाखवलं होतंस. सांगितलं होतंस का?"

मला राग आला, कारण उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत मावशींकडे गेले आणि आधी माफी मागितली. त्यांनी ती फार मनावर घेतली नाही. म्हणाल्या, "आमच्याकडं कुणाचा राब भाजायचा राहिला, तर घरात कुणी आजारी असंल, मयत झाली असंल, असं समजत्यात. मग बाकीचे जाऊन भाजून देत्यात. तू पण आली नव्हती. आमाला वाटलं, पोरीचं काय बरं-वाईट झालं का काय."

मी उंबऱ्यावर बसले आणि लॅपटॉप न उघडता सांगायला लागले. पाचएक वाक्यं झाली असतील, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "म्हंजे आळणी खाल्ल्याबिगर मिठानं काय फरक पडतो ते कळत न्हाई, असंच ना? मग हे तवाच का न्हाई बोलली?"

माझ्या पट्ट्या आधी भाजल्यामुळे त्यांचा स्वतःचा राब राहिला होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "यातला निम्मा तसाच ठेवते. तुला चालंल?" मग सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "पण खरं सांग. रोप येईल का?"

तो राब म्हणजे त्यांचा वर्षाचा भात होता. मी म्हणाले, "माहीत नाही, मावशी."

"मग त्या चित्रांत लई ठासून लिवलं व्हतं ते?"

"तो अंदाज होता."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. मला माझा हंगाम हवा होता. मावशी उठल्या, ज्यांची भाजणी राहिली होती अशी आणखी पाच घरं फिरल्या. मी मागे नुसती उभी. प्रत्येक घरात मीठ आणि आळणी, बस्स. दोन तासांत जे मला जमलं नव्हतं, ते त्यांनी चहा व्हायच्या आत उरकलं. पाचही घरांनी एकेक अरुंद पट्टी न भाजता, नुसत्या शेणखतावर सोडली. निम्मा राब सोडला तो फक्त मावशींनी.

पुढे पाऊस लागला. न भाजलेल्या पट्ट्यांवर रोप विरळ आलं, पिवळट आलं, आणि तण उदंड. मी दर आठवड्याला जाऊन रोपं मोजत होते, आणि वहीत काय उतरतंय ते मावशींना माझ्याआधीच दिसत होतं. भात लावणीला त्यांना रोप कमी पडलं. शेजारणींनी आपल्यातल्या रोपांच्या मुठी दिल्या, तरी ओढ्याजवळचं भाताचं एक खाचर मोकळंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाचणी हाय की."

दिवाळीनंतर मी निकाल सांगायला गेले. त्याच शाळेत, पण लॅपटॉपशिवाय. सांगितलं की माझा अंदाज चुकला, निदान तुमच्या जमिनीत तरी न भाजता तेवढं रोप येत नाही. तुमचं बरोबर होतं.

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "म्हंजे तू नापास?"

"नाही बाबा. चुकलं ते नीट मोजून लिहिलं, तरी पदवी मिळते."

"चुकल्याची पण डिग्री देत्यात? लई भारी काम हाय राव!" अख्खी खोली हसली. मीही हसले.

मावशी हसल्या नाहीत. "हसू नका," त्या म्हणाल्या. "माझं एक खाचर पडीक ऱ्हायलंय त्यात."

मला पुढे बरंच सांगायचं होतं. ते राहिलं. मी जाऊन त्यांच्याशेजारी खाली सतरंजीवर बसले.