पापणी लवेपर्यंत

सोसायटीच्या बागेत मी एक कुंडी सरकवली, तर तिच्याखालून तपकिरी, चकचकीत असं काहीतरी वळवळत पालापाचोळ्यात शिरलं. मी खराटा उचलला.

"थांबा काका," बागेचं काम बघणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "सापसुरळी असंल. तिचे पाय एवढुसे, पाल्यात दिसत न्हाईत. डोळ्याकडं बघा. सापाला पापणी नसती."

"आणि साप निघाला तर?"

"तर आपण मागं सरायचं. त्याला त्याची वाट असतीच की."

आम्ही जरा अंतर राखून उभे राहिलो. पानांतून इवलंसं डोकं बाहेर आलं. आयुष्यभर मी सरपटणाऱ्या प्रत्येकाला साप म्हणत आलो. पापणी लवेपर्यंत तरी थांबावं, असं कधी सुचलंच नाही. माणसांच्या बाबतीतही फारसं वेगळं वागलो नसेन.

तेवढ्यात त्या डोळ्यावर खालून एक पातळ पापणी चढली आणि उतरली. शेवंताबाई हसल्या.

माझे डोळे मात्र चुरचुरत होते. खराटा उचलल्यापासून माझीच पापणी लवली नव्हती. मी डोळे मिटले, उघडले, आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला.