फोनवरचे मुख्य प्रशिक्षक

नोकरीत मी मुडदे पुष्कळ पाहिले. त्यांची भीती कधी वाटली नाही. पण एका मेलेल्या माणसाचा आवाज मी भर दुपारी, चार माणसांत बसून ऐकला, तो अजून कानातून जात नाही.

तेव्हा मी नागपुरात, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराने एका गृहस्थाला आत आणलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा, पन्नाशीचा माणूस. त्याची मुलगी आमच्या हद्दीतल्या एका विमान प्रशिक्षण संस्थेत शिकत होती.

मुलीला पहिल्यांदा एकटीने विमान उडवायची परवानगी मिळाली होती. त्या संस्थेत मुख्य प्रशिक्षकांनी हो म्हटल्याशिवाय कुणी एकटं उडत नसे. ही बातमी सांगायला तो सावनेरला मेहुणीकडे गेला. शेजारच्या घरी एक बाई नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली होती. बोलता बोलता कळलं, तिचा नवरा म्हणजे तेच मुख्य प्रशिक्षक. लेकीकडे परराज्यात गेले होते, तिथेच हृदयविकाराने गेले, अंत्यविधीही तिकडेच झाला.

"साहेब, माणूस मागच्या महिन्यात गेला," तो म्हणाला, "अन् काल माझ्या पोरीले हो कोण म्हणलं?"

मुलीला त्या दिवशी घरीच ठेवायला सांगून मी तिच्याशी बोललो. सर आजारी आहेत, घरून फोनवर काम पाहतात, असं मुलांना सांगितलं होतं. आवाज त्यांचाच होता, याबद्दल तिला शंका नव्हती. मग म्हणाली, "सर पहिले लवकर हो म्हणतच नव्हते. लँडिंग जराही चुकलं की परत शिका म्हणत. आता कोणालेच नाही म्हणत नाहीत."

हे वाक्य मी मनाशी ठेवलं. मुख्य प्रशिक्षक म्हणजे नुसता वयाने मोठा शिक्षक नव्हे, हे मी याच तपासात शिकलो. शिकवण्याचा वेगळा परवाना लागतो, हवेत शिकवल्याचा दांडगा अनुभव लागतो, डोळे आणि हृदय वेळोवेळी तपासून घ्यावं लागतं. वर सरकारी खात्याची मान्यता. असा माणूस नसेल तर संस्थेची उड्डाणं बंद.

दुपारी मी साध्या कपड्यात, सोबत एक महिला हवालदार घेऊन, प्रवेशाची चौकशी करणारे पालक म्हणून तिथे गेलो. वर्गात टेबलावर फोन होता. त्याच्यापुढे सरांच्या नावाचा वाफाळता चहा ठेवलेला. मुलं फोनसमोर ताठ उभी होती. सहायक प्रशिक्षकाने एका विद्यार्थ्याचं नाव सांगितलं. पलीकडून जड, संथ आवाज आला, "आभाळ मोकळं आहे. जा बेटा."

माझ्या अंगावर काटा आला. तो विद्यार्थी दाराकडे वळला, तेव्हा मी ओळख देऊन त्याला थांबवलं. मालक धावत आला. सर घरी आहेत, तब्येत बरी नाही, असं सांगू लागला. मी हवालदार बाईंना टेबलावरच्या फोनवरून तोच नंबर पुन्हा लावायला सांगितला.

घंटा आमच्या डोक्यावर, छतापलीकडे वाजली.

वरच्या खोलीत धावपट्टीकडच्या खिडकीशी एक माणूस बसला होता. अंगात वैमानिकाचा पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या. तो मृताचा धाकटा भाऊ निघाला. विजेच्या सामानाचं दुकान होतं त्याचं. विमानात कधी पाय ठेवला नव्हता. दोघा भावांचा आवाज लहानपणापासून सारखा, घरचेही फसायचे.

ठाण्यात त्याने नाव स्वतःचंच सांगितलं, पण त्या जड आवाजात. साध्या आवाजात बोला, असं मी म्हटलं. त्याने घसा खाकरला, दोनदा प्रयत्न केला. तोच आवाज आला. मालकावर तो काही येऊ देईना. भावानेच जाण्याआधी काम सोपवलं होतं, हेच धरून बसला.

तेवढ्यात सावनेरहून त्या बाई जबाबासाठी आल्या. आतून आवाज ऐकताच त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि डोक्यावर पदर घेतला. दिराला पाहिल्यावरही पदर खाली आला नाही. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता त्यायले जाऊ द्या."

तो रडायला लागला. ते रडणं बारीक, अगदी वेगळ्या आवाजातलं होतं. मग सगळं बाहेर आलं. नवा माणूस मिळेपर्यंतच, असं म्हणून मालकाने त्याला बसवलं होतं. "पहिले मुद्दाम तसा बोलत होतो," तो म्हणाला, "मग घरीही तसंच निघून राहिलं. बायको म्हणे, मले भेव लागते."

मालक आणि तो, दोघांवर गुन्हा दाखल झाला. उड्डाणं थांबली. नंतर रीतसर मुख्य प्रशिक्षक आले. त्यांनी सगळ्या मुलांची परीक्षा पुन्हा घेतली आणि खापरखेड्याच्या त्या मुलीला आणखी महिनाभर शिकायला सांगितलं. महिन्यानंतर ती एकटी उडाली आणि सुखरूप उतरली.

अधिकाराच्या जागेवरचा माणूस कसा आहे, हे तो कुणाला अडवतो त्यावरून कळतं, हे मला तेव्हा नीट समजलं. पुढे मी बदलून आलेल्या प्रत्येक अंमलदाराला याच कसोटीवर पाहिलं.

तो भाऊ जामिनावर सुटल्यावर अटीप्रमाणे ठाण्यात हजेरीला यायचा. अंमलदार नाव विचारायचा, तो समोरच्या कागदावर स्वतःच्या नावावर बोट ठेवायचा. मी होतो तोवर त्या ठाण्यात तो एक शब्द बोलला नाही. खोटं बोलणारे मी खूप पाहिले. त्यापायी स्वतःच्या आवाजाला घाबरणारा हा एकच.