टॅमसिनचा शेवटचा पेपर

आमच्या द्वीपकल्पावर नोव्हेंबर लागला की माणसांचं जेवणात लक्ष राहत नाही. बार्ली उभ्या उभ्या वाळलेली असते, उन्हाळा तोंडावर म्हणून उत्तरेचा तापलेला वारा सुटलेला असतो आणि ज्याचा त्याचा एक डोळा आभाळाच्या कडेला, धुरासाठी. दोन्ही बाजूंना समुद्र, पण तो नुसता बघायला.

टॅमसिन पेंगिली सायलोवर, म्हणजे गावच्या धान्यकोठारावर, ट्रकांतून येणाऱ्या धान्याचे नमुने काढते. मी तिथेच वजनकाट्यावर असतो. गावचा डॉक्टर गेला आणि नवा कुणी येईना, तेव्हा सगळे वाट बघत बसले. टॅमसिनला बसवेना. चाळिशी जवळ आलेली असताना तिने ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं.

वैद्यकीय महाविद्यालय आधी पदवीच्या गुणांची सरासरी बघतं, मग माणूस. टॅमसिनकडे शेतकीची जुनी पदवी होती, पण तिच्यात ठिकठिकाणी शून्यं. पोरगी बुद्धीने कमी नव्हती. शहरात परीक्षा नोव्हेंबरमध्ये आणि आमची सुगीही नोव्हेंबरमध्ये. पेपर बुडवून ती घरी यायची आणि ट्रॅक्टरवर चढायची. तिच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी हेच केलं. कॉलेजला कुणी कारण कळवलं नाही. ‘सुगी होती’ असं सांगणं म्हणजे आमच्याकडे रडगाणं. पुढे तोच विषय सुटला तरी आधीचं शून्य पुसलं जात नाही, सरासरीत बसून राहतं.

एक वाट होती. दहा वर्षांपेक्षा जुनी पदवी महाविद्यालय धरत नाही. नवी मिळवली तर तिचेच गुण मोजतात. म्हणून टॅमसिन दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, नमुन्याच्या मचाणावर बसून, शरीरशास्त्राची पुस्तकं वाचू लागली. घरबसल्या पदवी, वर्षानुवर्षं. गुण उत्तम पडत गेले. शेवटचा पेपर राहिला. तो नीट गेला तर मुलाखतीचं बोलावणं नक्की. शून्य पडलं तर सरासरी घसरून दार बंद. पेपर कधी? नोव्हेंबरमध्येच.

त्या सकाळी ती पेपर द्यायला पिकअप घेऊन गावच्या सभागृहाकडे निघाली. मागे पाण्याची टाकी होती; या दिवसांत ती कुणीच उतरवत नाही. वाटेत डाव्या हाताला धूर दिसला. गाडी वळली. तिने वळवली असं म्हणायलाही वेळ झाला नसेल.

आग विझेपर्यंत दुपार कलली. सभागृहाला कुलूप लागलं होतं. जळालेल्या धसकटांत आम्ही सगळे काळ्या तोंडाने पाणी पीत उभे होतो. शेत क्लेम ट्रेझाइजचं, आणि आगपथकाचा कॅप्टनही तोच.

“क्लेमकाका, मला लिहून हवंय. मी इथे होते असं.”

“कशाला? सगळ्यांनी बघितलंय. भुवया बघ जरा आरशात, उरल्यात का!”

“युनिव्हर्सिटीने नाही बघितलं. दाखला दिला तर पेपर पुन्हा देता येतो.”

क्लेमच्या कपाळाला आठी पडली. “आगीला आल्याचा दाखला? तुझ्या बापाने मागितला होता कधी?”

“नाही मागितला. मीही पोरवयात नाही मागितला, म्हणून तर ती शून्यं पदरात घेऊन बसले.”

“मग आता बक्षीस पाहिजे?”

“बक्षीस ठेव तुला. मला माझा पेपर पाहिजे.”

सगळे आपापले बूट बघू लागले. क्लेमने शेवटी एक कागद काढला आणि काजळल्या बोटांनी लिहिलं: ‘ही इथे होती.’ खाली सही.

टॅमसिनने तो कागद पाठवला, पण तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीतल्या बाईंनी वजनकाट्याच्या खोलीत फोन करून क्लेमला बोलावून घेतलं. हिला आगीवर बोलावणं होतं का, असं त्या विचारत होत्या.

“बाई, आगीला बोलावणं येत नसतं. धूर दिसतो.”

पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. क्लेमने टोपी काढली, पुन्हा घातली.

“नसती आली तर चाललं असतं का? तिची टाकी पहिली पोचली. अर्धं शेत उभं आहे ते तिच्यामुळे. माझं शेत. लिहून घ्या.”

असं बोलणं त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून तो बाहेर गेला आणि उगाचच टायरला लाथ मारून आला.

पेपर पुन्हा द्यायची परवानगी मिळाली, पण वाऱ्याचे दिवस सरले नव्हते. टॅमसिन मचाणावर उभी राहायची, नमुना घ्यायची, आभाळाकडे बघायची, पुस्तक उघडायची, मिटायची.

“एका जागी बस की गं,” मी म्हणालो.

“बसून काय करू? परत धूर दिसला तर?”

पेपरच्या सकाळी क्लेमची पिकअप सभागृहासमोर उभी होती. तोंड रस्त्याकडे, टाकी काठोकाठ. “आज तिच्या वाटची धाव माझी,” एवढंच म्हणून तो स्टिअरिंगमागे बसून राहिला. दार उघडून टॅमसिन बाहेर आली तेव्हा बोटांना शाई होती आणि पाऊल हलकं होतं.

“कसा गेला?” क्लेमने विचारलं.

“चांगला गेला,” ती म्हणाली. तिची नजर मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे, बार्लीच्या कडेला. “कुठे काही दिसलं का, काका?”