सालपटांतले दाणे

फोन आला तेव्हा माझ्या रोह्याच्या दवाखान्यात शनिवारची गर्दी होती. पेणच्या बेबीताईंचा नंबर बघून मी हसतच उचलला. त्या विजूच्या शेजारीण. विजूला काही हवं असलं की त्यांच्याच फोनवरून हुकूम सुटायचा, कारण बाईसाहेबांचा स्वतःचा फोन कायम पिठाच्या डब्यावर पडलेला. "बाय, मॅडम गेल्या वो…" बेबीताई म्हणाल्या. "कुठं गेल्या?" मी विचारलं. आख्खा जन्म डॉक्टरकीत घालवून मी असं विचारलं! "सकाली चाय घेऊन गेले, तं उठल्याच नाय…"

पेणपर्यंत गाडी ऋचानं चालवली. ऋचा माझी मुलगी, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टी संपली तरी घरातच बसून होती, परत जायचं नाव काढत नव्हती. का, ते सांगायला तयार नाही. विचारलं की दार लावून घ्यायची. मी हैराण झाले होते. शेवटी विजूनं दटावलं, "तू नको डोकं लावूस. रविवारी पाठव तिला माझ्याकडे." तो रविवार उद्यावर होता. गडब गाव मागे पडलं तेव्हा ऋचा एवढंच म्हणाली, "मावशीनं मला उद्या बोलावलं होतं गं…" आणि मला तिच्यासमोर रडताही येईना.

विजू माझी वर्गमैत्रीण. पुढे ती मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवायची. पोरगं नापास झालं की बाकीचे त्याचे मार्क बघायचे, ही विचारायची, "झोपतोस का रे? जेवतोस काय?" मग एक दिवस नोकरी सोडून पेणला आली आणि दर रविवारी ओटीवर बसायला लागली. डॉक्टर व्हायला गेलेली आसपासच्या गावांतली पोरं तिच्याकडे यायची. कुणी मिठागरवाल्याची, कुणी भातवाल्याची, बहुतेक घरातली पहिलीच. सर्जरी घेऊ की मेडिसिन, पीजीचा नंबर लागला नाही तर काय करू, रात्र रात्र झोप लागत नाही… घरी बोलायची सोय नाही, कारण गावानं पहिल्याच वर्षी 'डॉक्टर' म्हणून हाक मारायला सुरुवात केलेली. विजू कुणालाही लगेच सल्ला द्यायची नाही. पुढ्यात मोड आलेल्या वालांची परात सरकवायची आणि म्हणायची, "सोल." सोललेले दाणे परातीत, सालं सुपात. दुपारी त्याच वालांचं बिरडं आणि भात, खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

"याला काय मार्गदर्शन म्हणतात?" मी एकदा तिला चिडवलं. "फुकटात वाल सोलून घेतेस लेकरांकडून!" ती खो खो हसली. मग म्हणाली, "त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. हात कामात असले की माणूस बोलतो. आणि बोलता बोलता दाणा सालपटांत पडला ना, की समजायचं, इथं दुखतंय." मला ते थोतांड वाटलं. तेवढ्यात, हाडांचा डॉक्टर होणार म्हणून तासभर ऐटीत सांगणारा समोरचा मुलगा बाबांविषयी बोलायला लागला आणि त्याचे दाणे भराभर सुपात पडले. "बाबांना काय हवंय रे?" विजूनं हळूच विचारलं. तो ढसाढसा रडला. पण प्रत्येकाचं दुखणं परातीपाशी संपत नाही, हेही तिला कळत होतं. एका मुलीला ती म्हणाली होती, "हे दुखणं वाल सोलून जायचं नाही बाळा. मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर." आणि खरंच गेली.

शनिवारी विजूच्या भावानं सगळं केलं. आम्ही तिथंच राहिलो. रविवारी सकाळी फाटक वाजलं आणि पाहते तो काय, चार पोरं उभी! त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. एक मुलगी कासूहून आली होती, मी सांगितलं तशी ती पायरीवरच रडायला लागली. ऋचा पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ येईना. बघितलं तर स्वयंपाकघरात खुंटीपुढे उभी. खुंटीला वालांचं गाठोडं टांगलेलं होतं. विजूनं शुक्रवारीच बांधलेलं. फडक्यातून मोड बाहेर आले होते… बाई गेली, आणि हिचे वाल मात्र रविवारसाठी तयार! मला इतका राग आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

ऋचानं गाठोडं उतरवलं, कोमट पाण्यात सोडलं आणि परात ओटीवर नेली. बेबीताई म्हणाल्या, "सुतकात हितं चूल नको गो पोरी. सोला तुमी, मी माज्या घरी शिजवते." सगळे गोल बसले. सालं सुपात पडायला लागली. मग ऋचा परातीकडे बघत म्हणाली, "वॉर्डात एक आजी गेल्या. मी त्यांचा हात धरला होता. सगळे लगेच पुढच्या बेडकडे गेले. मीपण गेले… कुणी काही विचारलंच नाही." तिच्या हातातला दाणा सुपात पडला. कासूच्या मुलीनं तो उचलून परातीत टाकला. "माझंही असंच झालं होतं," ती म्हणाली. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं, त्याऐवजी पुढचा वाल उचलला.

गेल्या आठवड्यात ऋचा हॉस्टेलला परत गेली. "बघते जाऊन. नाही जमलं तर सांगेन, दार नाही लावणार," म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी मी वाल भिजवून ठेवले होते. दोघी सोलायला बसलो. लेक जाणार म्हणून मी उगाच आनंदात, तोंडाची टकळी चालू. विजूची भयंकर कॉफी, विजूचं बेसूर गाणं, परीक्षेच्या दिवशी विजू दोन पायांत दोन चपला घालून आली होती… ऋचानं माझं सूप स्वतःकडे ओढलं.

"आई…" सुपात सालपटांत मिसळलेले पांढरे दाणेच दाणे होते. परातीतही सालं.

"बोल," ऋचा म्हणाली. ती सालपटांतून एकेक दाणा वेचत बसली.