समाधानी वाडी

गेली सव्वीस वर्षं गुनुंगकिदुल या कोरड्या जिल्ह्यातल्या एका डोंगरवाडीत कसलीही माहिती गोळा करायची झाली की वार्सिनीच, म्हणजे सगळ्यांची 'इबू', वार्सिनीबाई, दारोदार फिरायची. यंदा कचेरीने तिची वही बंद केली. म्हणे, आता पाहणी मोबाइलवर! नळ आधी कोणत्या वाडीला द्यायचा हे लोकांच्या उत्तरांवर ठरणार, मुदत आठ दिवस. कचेरीतल्या एका पोराने मोबाइलवर अर्ज कसा भरायचा ते शिकवलं, त्याच दिवशी वार्सिनीने तिथेच स्वतःचा अर्ज भरून टाकला, सगळ्यांच्या आधी.

नळ हवाच होता. खालच्या विहिरीच्या पायऱ्या चढून तिचे गुडघे कामातून गेले होते, आणि उन्हाळाभर सगळी वाडी टँकरवाल्याच्या मर्जीवर.

तिने आधी वीस वर्षांच्या भाचीला गाठलं.

"रेंग्गानिस, अर्ज भरलास?"

"भरला की, मावशी. अर्ध्या मिनिटात."

"एकवीस प्रश्न? वाचलेस तरी?"

"कोण वाचतंय! सगळीकडे मधलं उत्तर ठोकलं. माझ्या मैत्रिणी तर उघडतसुद्धा नाहीत. काही होत नसतं गं त्याने."

वार्सिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर मोबाइल चोळत बसतील, पण घरच्या पाण्यासाठी पाच मिनिटं नाहीत मेल्यांना!

मग ती म्हाताऱ्यांकडे वळली. तुकिरा आजीने चटई अंथरली, गोड चहा आणि उकडलेले कसाव्याचे कंद पुढे ठेवले. वार्सिनीने आपल्या मोबाइलवर प्रश्न वाचला, "पाणी पुरतं का?"

"चाललंय की, देवाची कृपा. समाधानी लिही."

"आजी, चार दिवस अंघोळ नाही म्हणून परवा तुम्हीच रडत होतात ना?"

"ते तुझ्यापाशी. कचेरीतल्या माणसाने आपणहून विचारपूस केली, तर त्याच्या तोंडावर रडगाणं गायचं? बरं दिसतं का ते?"

"अहो, मोबाइलमध्ये कुठलं आलंय तोंड!"

आजीने काही ऐकलं नाही. अकरा घरं, अकरा चहा, आणि अकराही ठिकाणी समाधानी. वार्सिनीने कपाळावर हात मारून घेतला.

यादी लागली. वाडी सगळ्यांत शेवटी.

ती तणतणत कचेरीत गेली. अर्ज भरायला शिकवणारा तोच पोरगा लगबगीने उठला, तिला खुर्ची दिली, खाऊचा डबा पुढे केला.

"इबू, मलाही नवल वाटलं," तो म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "पण तुमच्या वाडीचं पहिलंच उत्तर बघा."

नाव वार्सिनी. पाणी पुरतं का? पुरतं. समाधानी.

तिला आठवलं. त्या दिवशीही हा असाच हसत मागे उभा होता, हातात खाऊचा डबा देऊन. एवढ्या गोड पोरासमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने बोट दाबलं होतं.

"काही तक्रार होती का, इबू? मी आत्ता लिहून घेतो."

वार्सिनीचे गुडघे ठणकत होते. स्वतःचाच असा राग आला होता तिला, की डोळे भरून आले.

"नाही रे बाळा," ती हसून म्हणाली, "सहज आले होते."

घरी येऊन तिने बादली उचलली आणि विहिरीकडे निघाली.